वणवा विझला तरी झोप येत नाही: एका वनरक्षक भगिनीच्या पत्राला उत्तर

वाचकाचे पत्र (ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत)

मी पूर्व विदर्भातील एका परिक्षेत्रात वनरक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझ्या बीटमध्ये वणवा लागला. मोहफुलांसाठी कुणीतरी पेटवलेल्या पाल्यातून तो पसरला, असे नंतर समजले. दुपारची वेळ होती आणि माझ्यासोबत फक्त हंगामी मजूर होते. त्यांतल्या एका दादांना मी ब्लोअर (पाला उडवणारे यंत्र) घेऊन नाल्याच्या बाजूला पाठवले आणि थोड्याच वेळात वारा फिरला. ते वाचले, पण दोन्ही पाय आणि उजवा हात भाजला. आता त्यांच्याने पूर्वीसारखे काम होत नाही. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही.

तेव्हापासून मी बदलले आहे. आगीवर असते तेव्हा मी ठीक असते, कुणाला शंकाही येत नाही. घरी मात्र रात्री दोन-तीन वाजता दचकून जाग येते. फटाके वाजले की बांबू फुटतो आहे असे वाटते. शेजारी कुणी पाला पेटवला तरी छाती धडधडते. मोबाइलवर आगीचा संदेश आला की पोटात गोळा येतो. सहा वर्षांच्या मुलावर उगाच ओरडते. पावसाळ्यात, हंगाम संपल्यावर, तर जास्तच बिघडते. त्या दादांना दवाखान्यातून सुटी मिळाल्यापासून मी त्यांच्या घरी गेलेले नाही. बाजारात त्यांच्या पत्नी दिसल्या की मी रस्ता बदलते. कधी वाटते, येत्या हंगामात आगीत सगळ्यांच्या पुढे आपणच जावे, जे व्हायचे ते होऊ दे. नवरा म्हणतो, बदली घे. साहेब म्हणतात, खात्यात हे चालायचेच, मन घट्ट कर. डॉक्टरकडे गेले तर सेवापुस्तकात नोंद होईल, अशी भीती वाटते. मी या कामाला लायकच नाही का?

उत्तर

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात अनेक प्रश्न आहेत आणि त्यांतले बहुतेक मी सविस्तर घेणार आहे. पण शेवटाकडे, बदलीच्या आणि साहेबांच्या वाक्यांच्या अगदी आधी, तुम्ही जे जाता जाता लिहिले आहे, त्यापासूनच सुरुवात केली पाहिजे. आगीत सगळ्यांच्या पुढे आपणच जावे आणि जे व्हायचे ते होऊ द्यावे, हा विचार मी आत्महत्येचा विचार म्हणून वाचते, आणि तुम्हीही त्याला तेच नाव द्यावे, अशी माझी विनंती आहे. त्यात स्वतःहून काही करण्याची योजना नाही, नुसते ‘होऊ दे’ एवढेच आहे, म्हणून तो कमी गंभीर ठरत नाही. ज्या कामात पुढे धावणाऱ्याला शूर म्हणतात, त्या कामात असा विचार शौर्याच्या आड सहज लपतो आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यालाही तो ओळखता येत नाही.

म्हणून हे पत्र पुढे वाचण्याआधी, शक्य असेल तर आजच, पतीला जवळ बसवून हे वाक्य जसे मला लिहिले तसेच सांगा. त्यानंतर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती चोवीस तास चालते, तिला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. एखाद्या रात्री हा विचार आवरेनासा झाला, तर सकाळची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जा किंवा ११२ वर फोन करा. घरी शेती असेल आणि फवारणीची औषधे घरात ठेवलेली असतील, तर ती पतीने आजच दुसऱ्या कुणाच्या तरी कुलपात ठेवावीत. असा टोकाचा आवेग बहुधा काही काळाने ओसरतो, आणि त्या वेळेत घातक वस्तू हाताशी नसल्यामुळे माणसे वाचतात, हे पुन्हापुन्हा दिसून आलेले आहे. आणखी एक गोष्ट मी ठामपणे सांगते: डॉक्टरांनी तुम्हाला एकदा तपासेपर्यंत तुम्ही आगीच्या तोंडावर जाऊ नये. ते कसे साधायचे, याबद्दल पुढे लिहिले आहे.

आता तुमच्या त्रासाकडे वळते. निदान प्रत्यक्ष भेटीतच होते, आणि ते मी पत्रातून करणार नाही. तरीही तुम्ही लिहिलेली लक्षणे एकत्र ठेवून पाहिली, म्हणजे पहाटे दचकून उठणे, फटाक्यांत बांबू फुटल्याचा भास होणे, जळणाऱ्या पाल्याच्या वासाने छाती धडधडणे, त्या कुटुंबाला टाळणे, चिडचिड आणि मनात घर करून बसलेला अपराधीपणा, तर कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाच्या मनात पहिले नाव आघातोत्तर तणाव विकाराचे येईल. डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. भयंकर प्रसंग घडून गेल्यावर बहुतेक माणसे काही आठवड्यांत सावरतात. काहींच्या मेंदूतील धोक्याची सूचना देणारी यंत्रणा मात्र प्रसंग संपल्याची नोंदच घेत नाही. वास ओळखणाऱ्या नसांचा मेंदूतील भीती आणि आठवण यांच्या केंद्रांशी फार जवळचा संबंध असतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या अंगणातला धूर तुम्हाला विचार करण्याची संधी देण्याआधीच थेट त्या नाल्याकाठी नेऊन उभा करतो. यात मनाच्या घट्टपणाचा किंवा ढिलेपणाचा प्रश्न येत नाही. कामावर झालेली ही इजा आहे, आणि दादांच्या हाताप्रमाणेच तिच्यावरही उपचार करावे लागतात.

आगीवर असताना आपण ठीक असतो, याचे तुम्हाला आश्चर्य वाटते आणि त्यामुळे घरी होणारा त्रास खरा आहे की नाही, अशी शंकाही तुम्हाला येत असावी. त्रास अगदी खरा आहे. वणव्यासमोर शरीराला जे हवे असते, म्हणजे जलद धडधडणारे हृदय, ताठ स्नायू, क्षणात बदल टिपणारे कान-डोळे, ते सारे तुमच्या शरीरात सतत तयार स्थितीत आहे. आगीवर त्याला काम मिळते, म्हणून ते शिस्त वाटते. घरी, मुलाच्या हातून ताट पडल्यावर, तेच शरीर तोच प्रतिसाद देते, आणि तिथे तो राग म्हणून बाहेर पडतो. कामावर सर्वात शांत दिसणारी माणसे पुष्कळदा घरी सर्वात थकलेली असतात, आणि वरिष्ठांना त्यांची फक्त कामावरची बाजू दिसते.

पावसाळ्यात जास्त बिघडते, हे तुमचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले, कारण नेमके हेच जगाच्या दुसऱ्या टोकाला वणवे विझवणारी माणसे सांगतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत ‘हॉटशॉट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे वीस-वीस जणांच्या तुकड्या असतात. हंगामात त्या एका वेळी सलग १४ दिवस, दिवसाला १६ तासांपर्यंत काम करतात, आगीजवळच झोपतात आणि दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन पुन्हा निघतात. त्या महिन्यांत विचार करायला वेळच नसतो. शरद ऋतूत हंगाम संपतो, तुकडी पांगते, अनेकांची नोकरीही तेवढ्यापुरतीच असते, आणि मग रिकाम्या घरात सगळे एकदम अंगावर येते: झोप जाते, दारू वाढते, माणूस कुणाशी बोलेनासा होतो. तिथल्या या कर्मचाऱ्यांमधील आत्महत्यांची चर्चा त्यांच्या कुटुंबीयांनी आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षे लावून धरली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात त्यांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम राबवण्याची तरतूद झाली, त्यामागे ही धडपड होती. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतात. पहिला पाऊस पडला की कार्यालयात सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि त्याच वेळी तुमच्यासारख्यांचा कठीण काळ सुरू होतो. तेव्हा यंदा जून-जुलैमध्ये उपचारांत खंड पडू देऊ नका. बरे वाटले तरी त्या दोन महिन्यांच्या भेटी आधीच ठरवून ठेवा.

याच संदर्भात एक घटना सांगते, कारण तिचा तुमच्या अपराधीपणाशी थेट संबंध आहे. ३० जून २०१३ रोजी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात यार्नेल हिल येथील वणव्यात ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या तुकडीतील १९ जण मृत्युमुखी पडले. ती अनुभवी आणि प्रशिक्षित तुकडी होती. वादळी ढगांतून सुटलेल्या वाऱ्याने दिशा बदलली आणि आतापर्यंत बाजूला असलेली आगीची कड तिचे तोंड, म्हणजे सर्वांत वेगाने पुढे सरकणारी बाजू, बनून त्यांच्यावर आली. टेहळणीसाठी दूर थांबलेला तुकडीतला एक तरुण तेवढा वाचला. ‘मी का वाचलो’ या प्रश्नाने आपल्याला किती पोखरले, पीटीएसडीचा त्रास कसा झाला, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले. त्याने कुणालाही कुठेही पाठवले नव्हते. त्याने नेमून दिलेले काम केले होते, आणि तरीही अपराधीपणाने त्याला सोडले नाही. अपराधीपणाची तीव्रता हे चूक किती मोठी होती याचे माप नसते, एवढे यातून लक्षात घ्यावे.

तुम्ही दादांना नाल्याच्या बाजूला पाठवले, हे खरे आहे. ते खोटे ठरवण्याचा प्रयत्न मी करणार नाही, कारण ‘तुझी काही चूक नाही’ हे वाक्य तुम्ही दोन वर्षांत अनेकांच्या तोंडून ऐकले असेल आणि त्याचा काडीचाही उपयोग झालेला नसेल. मी तुम्हाला वेगळे काम सांगते. एका वहीत त्या दुपारची हकीकत लिहा, पण अट अशी की प्रत्येक वाक्यात त्या क्षणी तुम्हाला जे माहीत होते तेवढेच असावे. वारा कोणत्या दिशेने होता, आगीची कोणती बाजू जोरात होती, नाल्याची बाजू तुम्हाला त्या वेळी कशी वाटली, दुसरा कोणता पर्याय हाताशी होता. आज तुम्हाला त्या दुपारचा शेवट माहीत आहे, आणि तो माहीत असल्यामुळे आधीचा प्रत्येक निर्णय मूर्खपणाचा किंवा निष्काळजीपणाचा दिसू लागतो. माणसाच्या बुद्धीची ही सवयच आहे. वारा फिरला की शांत कड धोकादायक होते, हे सर्वांना पुस्तकातून माहीत असते. पण तो कोणत्या मिनिटाला फिरेल, हे जंगलात उभ्या असलेल्या माणसाला माहीत नसते.

त्यानंतर दुसऱ्या पानावर त्या इजेमागची सगळी कारणे लिहा, आणि स्वतःचे नाव मुद्दाम सर्वांत शेवटी लिहा. पाला कुणी पेटवला, आणि का पेटवला? मोहाच्या झाडाखालची जागा झाडून साफ करायला जेवढी मेहनत लागते तेवढी मजुरी मोहफुलांतून सुटत नाही म्हणून लोक काडी लावतात, हेही प्रामाणिकपणे लिहा. त्या वर्षी जंगल किती वाळलेले होते? तुमच्यासोबत किती माणसे द्यायला हवी होती आणि किती होती? दादांच्या अंगावर कोणते कपडे होते, पायात काय होते? आगीत चिकटणारे टेरिकॉट घालून आणि चपला घालून माणसे वणव्यावर जातात, याची जबाबदारी कुणाची? त्या ठिकाणी मोबाइलला रेंज होती का, वायरलेस संच होता का? सकाळपासून किती वेळ तुम्ही सर्वजण पाण्याविना आणि जेवणाविना उन्हात होता? हे सारे लिहून झाल्यावर जो वाटा उरेल तो तुमचा. तो शून्य असेलच असे नाही. पण आज तुम्ही संपूर्ण वणवा एकट्याच्या नावावर घेऊन बसला आहात, आणि इतका भार उचलणाऱ्या माणसाला भाजलेल्या सहकाऱ्यासाठी काही करण्याची ताकद उरत नाही. चौकशीने ठपका ठेवला नाही, याने तुम्हाला शांती मिळाली नाही, यात नवल नाही. चौकशी नियम मोडला का एवढेच पाहते. तुमचा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि त्याचे उत्तर तुम्हाला या वहीच्या मदतीने आणि एखाद्या जाणत्या समुपदेशकाच्या सोबतीने शोधावे लागेल.

दादांच्या घरी जावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रात तो प्रश्न आहेच. माझे मत असे की जावे, मात्र लगेच नाही. उपचार सुरू होऊन झोप थोडी सुधारल्यावर आणि समुपदेशकाशी आधी बोलून मगच जा. तिथे क्षमा मागायला म्हणून जाऊ नका, कारण तुम्हाला मोकळे करण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडेल, आणि ते ओझे त्यांच्यावर टाकणे योग्य नाही. त्यांची प्रकृती विचारा, इतके दिवस आले नाही, यायला हवे होते, असे सरळ सांगा, आणि ते जे बोलतील ते ऐकून घ्या. कदाचित राग निघेल. कदाचित ते तुमच्याच प्रकृतीची चौकशी करतील. त्यानंतर हाताने करता येईल असे काहीतरी करा: भरपाईचा प्रस्ताव कुठे अडला आहे का, हाताच्या व्यायामासाठी त्यांना रुग्णालयात कुणी नेते का, भाजल्यावर आखडलेल्या कातडीवरची शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसते का, हे पाहा. तुम्हाला कार्यालयातील कागदांची वाट माहीत आहे, त्यांना नाही. रस्ता बदलण्याने दोन वर्षे अपराधीपणा वाढतच गेला. या भेटीने तो एका दिवसात जाणार नाही, पण त्याला करण्यासारखे काम मिळेल.

उपचारांबद्दल. या विकारावर चांगले उपचार आहेत आणि त्यांनी माणसे खरोखर बरी होतात. आघातावर केंद्रित असलेला बोधन-वर्तन उपचार, म्हणजे ज्याला सीबीटी म्हणतात त्याचाच एक प्रकार, आणि ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणीवर काम करण्याची पद्धत, या दोन पद्धती सर्वांत जास्त तपासल्या गेल्या आहेत. साधारण ८ ते १६ बैठका लागतात. त्यांत तुम्ही त्या आठवणीकडे सुरक्षित जागेत, हळूहळू आणि कुणाच्या तरी सोबतीने पाहायला शिकता, म्हणजे ती अवेळी तुमच्याकडे येणे थांबते. सर्ट्रालिनसारखी औषधेही उपयोगी पडतात. त्यांची सवय लागत नाही, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाएकी बंद करायची नसतात. मात्र मेडिकलच्या दुकानातून झोपेच्या किंवा ‘टेन्शनच्या’ गोळ्या, अल्प्राझोलमसारख्या, परस्पर आणून घेऊ नका. त्यांची सवय लागते आणि या विकारात त्या बरे होण्याच्या आड येतात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची सोय असते. तिथून सुरुवात करा. आघातावरील विशेष उपचार तुमच्या गावाजवळ मिळणार नसतील, तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा एम्समध्ये दाखवून पुढच्या बैठका फोनवरून अथवा व्हिडिओवरून घेता येतील का, हे विचारा.

झोपेला मी वेगळे महत्त्व देते, कारण वणव्याचे काम झोपच मोडते. रात्री आणि पहाटे हवा थंड व ओलसर असते, वारा पडलेला असतो, म्हणून आग विझवायला तीच वेळ बरी. दिवसा पुन्हा गस्त आणि नोंदी असतातच. त्यात एप्रिल-मेचे पंचेचाळीस अंशांच्या आसपासचे ऊन आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड, ज्याने डोके दुखते आणि माणूस चिडचिडा होतो. महिनाभर असे गेल्यावर कुणाचेही मन दुबळे होईल. सुटीच्या दिवशी दुपारी चार-पाच तास झोपून भरपाई करण्यापेक्षा दररोज उठण्याची वेळ एकच ठेवा. दोन वाजता जाग आलीच, तर मोबाइल हातात घेऊ नका. आगीचे संदेश ज्या फोनवर येतात तो फोन, ज्या रात्री तुमची ड्यूटी नसेल त्या रात्री, दुसऱ्या खोलीत ठेवा आणि हे तुमच्या वनपालांना आधी सांगून ठेवा.

सेवापुस्तकाची भीती तुम्हाला उपचारांपासून रोखते आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. सेवापुस्तकात रजेचा प्रकार आणि कालावधी नोंदतात; बाह्यरुग्ण विभागात जाऊन घेतलेल्या औषधांची नोंद तिथे जाण्याचे कारणच नाही. वैद्यकीय रजेसाठी प्रमाणपत्र लागलेच, तर त्यात किती तपशील लिहायचा, याबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि समजा त्रास गंभीर झाला, तरी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. या कायद्याच्या यादीत मानसिक आजाराचाही समावेश आहे. लोक काय म्हणतील, याची हमी कोणताही कायदा देत नाही, हे मला ठाऊक आहे. पण नोकरी जाण्याची भीती मात्र मनातून काढून टाका.

बदलीचा निर्णय आज घेऊ नका. पतीला तुमची काळजी आहे, आणि त्यांचा सल्ला चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण आत्ताच्या मनःस्थितीत घेतलेली बदली तुम्हाला ‘मी पळाले’ अशीच वाटेल, आणि धुराचा वास तर बदलीच्या गावातही येईल. दुसरीकडे, उपचार न घेता यंदा पुन्हा आगीच्या तोंडावर उभे राहणे तुमच्यासाठी आणि तुमच्यासोबतच्या मजुरांसाठीही धोक्याचे आहे. यातून मधली वाट अशी: या एका हंगामापुरते काम बदलून मागा. परिक्षेत्र कार्यालयात, देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण विभागाकडून उपग्रहाद्वारे येणाऱ्या आगीच्या सूचना घेऊन पुढे पथके पाठवण्याचे काम असते, रोपवाटिकेचे काम असते. आगीचे संदेश आले की तुमचा त्रास उसळतो, त्यामुळे मला रोपवाटिका अधिक योग्य वाटते, पण तुमचे डॉक्टर ठरवतील ते खरे. पावसाळ्यानंतर, उपचार पुरेसे झाल्यावर, जंगलात राहायचे की नाही ते ठरवा. तेव्हा बदली घेतलीत तरी ती तुमच्या मर्जीने घेतलेली असेल.

‘मन घट्ट कर’ म्हणणाऱ्या साहेबांवर रागावू नका. त्यांनीही पंचवीस-तीस वर्षे हेच ऐकले असणार, आणि त्यांच्या स्वतःच्या झोपेबद्दल कुणी कधी विचारले नसणार. पण खात्याने विचारायला हवे, हे मी इथे जाहीरपणे लिहिते. एप्रिल २०२१ मध्ये नागझिरा परिसरातील वणव्यात तीन हंगामी मजूर मृत्युमुखी पडले. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात वन खात्याच्या तीन पहारेकऱ्यांचा आणि पुढे जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात वनकर्मचाऱ्यांचा असाच अंत झाला. अशा प्रत्येक घटनेनंतर मदतीचे आकडे छापून येतात. त्याच आगीतून परतलेल्यांचे पुढे काय झाले, याची नोंद कुठेच होत नाही. वणव्याच्या अहवालात किती हेक्टर जळाले याचा रकाना असतो, सोबतच्या माणसांसाठी रकाना नसतो. प्रत्येक मोठ्या आगीनंतर पथकाने वीस मिनिटे एकत्र बसावे. काय ठरले होते, प्रत्यक्षात काय घडले, ते तसे का घडले आणि पुढच्या वेळी काय बदलायचे, एवढेच बोलावे. मात्र या बैठकीत कुणालाही आपला भयंकर अनुभव बळेच सांगायला लावू नये. प्रसंगानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याच्या पद्धतीचा उपयोग होत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ती वापरू नये असे सांगते. पाणी, जेवण, विश्रांती, घरच्यांशी संपर्क आणि महिन्याभराने पुन्हा केलेली विचारपूस, हे अधिक उपयोगाचे असते.

आणि तुमच्यासोबत त्या दुपारी असलेले बाकीचे मजूर? त्यांनीही तेच पाहिले. त्यांना सेवापुस्तक नाही, वैद्यकीय रजा नाही, जूननंतर मजुरीही नाही, आणि त्यांच्यापैकी कुणी रात्रीची झोप यावी म्हणून मोहाची दारू घेऊ लागला असेल, तर ते व्यसन म्हणून मोजले जाते, इजा म्हणून नाही. तुम्ही सावरलात की एकदा त्यांच्याशी बोला. १४४१६ हा क्रमांक त्यांच्यासाठीही आहे.

मुलाबद्दल थोडेसे. सहा वर्षांच्या मुलाला आईचा आवाज का चढतो हे कळत नाही, आणि कळले नाही की मुले दोष स्वतःकडे घेतात. त्याला त्याच्या भाषेत सांगा की जंगलातल्या आगीची आईला खूप भीती वाटली होती, ती भीती अजून गेली नाही, म्हणून आई कधी कधी ओरडते. यात तुझी चूक नाही आणि आई औषध घेते आहे. ओरडून झाल्यावर त्याला जवळ घेऊन ‘मी चुकले’ म्हणा. पतीने या काळात बदलीचा विषय बंद ठेवावा, पहिल्या भेटीला तुमच्यासोबत यावे आणि रात्री जाग आली तर ‘झोप आता’ न म्हणता दिवा लावून जवळ बसावे.

काम बदलून मिळण्याचा अर्ज डॉक्टरांच्या शिफारशीसह परिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे करा, त्याची प्रत उपवनसंरक्षकांना द्या आणि स्वतःच्या प्रतीवर पोहोच घ्या. अर्ज १५ फेब्रुवारीच्या आत गेला पाहिजे, कारण त्यानंतर माणसे हलवणे कार्यालयालाही अवघड जाते. नकार आलाच, तर तो लेखी मागा आणि त्याच्यासह मला पुन्हा लिहा.